ताठाबाईचे गुडघे

चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तिचं नाव ताठाबाई ठेवलं होतं, कारण प्रभुभोजनाच्या वेळी ती गुडघे टेकत नसे. वेदीपुढच्या कठड्याशी सगळे ओळीने गुडघे टेकत, पाळक भाकरीची ताटली घेऊन एकेकापुढे येई, आणि ही बाई ओळीच्या मधोमध उभी. आपापल्या पापांसाठी डोळे घट्ट मिटून बसलेल्या बायकांना तिचं उभं राहणं दिसायचं कसं, हे देवालाच ठाऊक. पण दिसायचं. उपासना सुटली की चहाबरोबर तोच विषय चघळायला. एकीचं म्हणणं, हिला दुकानाचा गर्व. दुसरीचं म्हणणं, हिचे गुडघे दुखतात पण वय लपवायचंय. आणि सेक्रेटरीणबाई, ज्यांना स्वतःच्या घरातल्या पसाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या आत्म्याची चिंता फार, त्या मान हलवून म्हणायच्या, "आपण तिच्यासाठी प्रार्थना केली पाहिजे." हे एकदा म्हटलं की पुढची निंदा करायला सगळ्या मोकळ्या.

खरं कारण कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, आणि चहा निवला असता.

तिचा बाप रविवारच्या शाळेचा मास्तर. त्या सगळ्या भागात त्याचं नाव. वचनांच्या पाठांतराची स्पर्धा कुठेही असो, ढाल मास्तरांच्या मुलांनाच. लोक कौतुकाने म्हणायचे की मास्तरांची मुलं एका शब्दाने चुकत नाहीत. का चुकत नाहीत, हे मास्तरांच्या घरात राहणाऱ्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी प्रार्थनेला आई, भाऊ आणि ती भिंतीकडे तोंड करून उघड्या फरशीवर गुडघे टेकत. मास्तर मागे. माणूस गुडघ्यावर बसला की त्याचे तळपाय मागच्याच्या हवाली होतात. मास्तर लाकडी पट्टी घेऊन येरझारा घालायचे, आणि शब्द अडखळला की पट्टी तळपायावर. मग शांत आवाजात, "पुन्हा पहिल्यापासून." भिंतीकडे तोंड, त्यामुळे पट्टी कधी पडणार ते दिसायचं नाही. वळ बुटांत झाकून जायचे. या माणसाने बाकी काही नसलं तरी जागा अक्कलहुशारीने निवडली होती.

आई डोळे मिटून बसायची. पोरीला वाटायचं, आई प्रार्थना करतेय. मोठी झाल्यावर तिला कळलं की आई फक्त डोळे मिटत होती.

आता ज्या पोराला देवाचं नाव घेऊन मारलं, त्याच्या डोक्यात देव कसा बसेल? तिच्या डोक्यात देव म्हणजे मागे उभा असलेला, हातात पट्टी घेतलेला, कधी मारेल याचा पत्ता लागू न देणारा कुणीतरी. लग्न होऊन ती सासरी आली तेव्हा तिने नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मी चर्चला येणार नाही. प्रार्थनेला बसणार नाही. चालत असेल तर बघ." नवरा टेम्पो चालवायचा, माणूस शब्दाला महाग. तो म्हणाला, "आईला विचारतो." आईला विचारलं. आई म्हणाली, "तिला काम येतं का ते विचार."

सासूबाईंचं सोफे आणि खुर्च्या भरायचं दुकान होतं. बाहेर रस्त्याला तोंड करून एक फाटका कोच, त्यावर मांजर, आत लाकडी सांगाडे, काथ्याचे बोचके, फोमचे तक्ते आणि कोपऱ्यात रेक्झिनच्या गुंडाळ्या. सासूबाई बारीक खिळे मूठभर तोंडात धरायच्या, जिभेने एकेक पुढे सरकवायच्या, हातोडीच्या चुंबकाला लावून ठोकायच्या. आणि हे चालू असताना त्या प्रार्थना करायच्या. तोंडात खिळे, त्यामुळे निम्मे शब्द गिळलेले. सुनेने कान देऊन ऐकलं तेव्हा तिला धक्काच बसला. "देवा, तो फोमवाला आज पण आला नाही. थापाड्या आहे मेला. तू त्याला बघ, मी बघायला गेले तर माझ्या तोंडून भलतंच जाईल. आणि हिला भूक लागत नाही, दोन घास खाऊन उठते. का ते तुला माहीत. आमेन."

सुनेला हसू आलं. देवाशी कुणी असं बोलू शकतं, आणि बोलल्यावर पाठीत काही पडत नाही, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. या बाईचा देव समोर उभा होता, गिऱ्हाईक उभं राहतं तसा, खुर्ची कशी होतेय ते बघत.

मग एक दिवस दोघी एका जुन्या आरामखुर्चीचे पट्टे ताणत होत्या. सुनेने विचारलं, "तुम्ही मला प्रार्थनेला बस असं म्हणत नाही. का?"

सासूबाईंनी तोंडातले खिळे हातावर काढले. "शास्त्रात आहे, सभास्थानात एक बाई होती," त्या म्हणाल्या. "कमरेत पार वाकलेली. किती वर्षं तिने जमीनच बघितली असेल. येशूने तिला बघितलं, जवळ बोलावलं आणि सरळ केलं. बस. आधी गुडघे टेक, आधी पाठ म्हणून दाखव, असलं काही बोलला नाही. ती सरळ उभी राहिली आणि देवाची स्तुती करायला लागली. उभ्यानेच. तर तिथला प्रमुख चिडला. कशावरून, तर दिवस चुकीचा होता म्हणून, विसाव्याचा." मग त्यांनी खिळे परत तोंडात टाकले. "असले प्रमुख सगळीकडे असतात. तो पट्टा ओढ, सैल पडलाय."

सुनेने पट्टा ओढला नाही. ती त्या सांगाड्यावर डोकं टेकून रडली, एवढी की मांजर उठून गेलं. सासूबाईंनी पट्टा स्वतःच ओढला आणि ठोकला. रडणं संपल्यावर सुनेने त्यांना तळपायांचं सगळं सांगितलं. सासूबाईंनी तिच्या बापाला एक शिवी दिली, जी कुठल्याही चर्चमध्ये चालणार नाही, आणि लगेच देवाची माफी मागितली. शिवी मात्र मागे घेतली नाही.

आता चर्चच्या शिबिरांत सांगतात तसं काही झालं नाही. आकाश फाटलं नाही, जखम एका रात्रीत भरली नाही. ती मेजापाशी उभी राहून फोम कापता कापता देवाशी बोलायला लागली. आधी फक्त एकच शब्द, "ऐक." मग तक्रारी. मग बापाबद्दलच्या तक्रारी, आणि त्या पुष्कळ दिवस चालल्या. झोपताना ती उन्हाळ्यातसुद्धा पायांत मोजे घालायची, तळपाय उघडे राहिले तर झोप यायची नाही. एका सकाळी मोजे पांघरुणाच्या तळाशी सापडले, रात्री केव्हातरी निघाले होते आणि तिला जाग आली नव्हती. तिने ते सासूबाईंना दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "धुवायला टाक." आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या.

त्यानंतर ती चर्चला गेली. तेव्हाचे पाळक म्हातारे होते, कमी बोलणारे. कठड्याशी ती उभीच राहिली, मागे बाकांवर माणसं होती आणि त्यांच्याकडे तळपाय करून बसणं तिला जमेना. म्हातारा तिच्यापुढे आला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि उभ्या बाईच्या हातावर भाकर ठेवून पुढे गेला. विचारलं नाही. तो तुकडा खाल्ला तेव्हा तिला वाटलं की आपण कुणाच्या तरी घरी जेवायला बसलोय, जिथे मागे कुणी उभं नाही. जगात तिला असं वाटायची ती एकच जागा होती. त्यासाठी ती वर्षानुवर्षं ताठाबाई हे नाव ऐकून घेत राहिली.

म्हातारे पाळक गेले आणि नवे आले. नवे पाळक शिकून आले होते, समुपदेशनाचंही प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, आणि ते कोणाला माहीत नाही असं होऊ नये याची ते काळजी घेत. आल्या आल्या त्यांनी 'जखमेतून विजयाकडे' नावाचं शिबिर काढलं. नाश्ता, गाणी, रडणं, जेवण, असा कार्यक्रम. प्रत्येक खुर्चीखाली कागदी रुमालांची पेटी. ज्यांना रडू येत नव्हतं ते बिचारे ओशाळून पेटीकडे बघत बसले. शेवटी तिघाचौघांनी साक्षी दिल्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. पूर्वी फार वाईट होतं, आता फार छान आहे, टाळ्या. ताठाबाई अर्ध्यातून उठून दुकानात आली आणि एक अख्खा सोफा उसवून टाकला, तेव्हा कुठे तिचं डोकं जागेवर आलं.

मग एका दुपारी नवे पाळक आणि कमिटीचे सेक्रेटरी दुकानात आले. ती फोमवर सुरी चालवत होती.

"ताई," पाळक म्हणाले, "कठड्याच्या पूर्ण लांबीची गादी करायची आहे. मऊ. लोकांना जास्त वेळ गुडघ्यावर राहता आलं पाहिजे."

"होईल," ती म्हणाली.

"आणि एक खुर्ची," सेक्रेटरी म्हणाले. सेक्रेटरी लहानपणी मास्तरांच्या शाळेत होते, दर आठवड्याला तासभर, आणि त्या तासाभराच्या जोरावर मास्तरांना संत ठरवून मोकळे झाले होते. "हातांची, चाकं लावलेली. आपल्या मास्तरांचा सत्कार ठरलाय. त्या रविवारी भाकर त्यांच्याच हातून द्यायची. त्यांना आता वाकवत नाही, गुडघे गेलेत बिचाऱ्यांचे. मी खुर्ची ढकलीन."

सुरी थांबली. "मलाही वाकवत नाही," ती म्हणाली.

पाळक समजुतीने हसले. "तुमचं वेगळं, ताई. तुमचं मनाचं आहे. म्हणूनच मी आलो. या वेळेपासून सगळ्यांनी गुडघे टेकूनच भाग घ्यायचा, असं कमिटीने ठरवलंय. एकवाक्यता हवी. तुमच्यात आणि मास्तरांत काही गैरसमज आहे असं कानावर आलं."

गैरसमज. तिने सुरी खाली ठेवली आणि दोघांना उभ्या उभ्या सांगितलं. फरशी, भिंत, तळपाय, पट्टी. चार वाक्यांत. सासूबाई कोपऱ्यात स्टूल भरत होत्या, त्यांची हातोडी बंद पडली.

सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर कडक होते, पण मनाने फार चांगले." हे वाक्य अशा माणसांच्या खिशात कायम तयार असतं.

पाळकांचे डोळे मात्र भरून आले. त्यांनी रुमाल काढला, डोळ्यांना लावला, आणि रुमालाआडून त्यांचा चेहरा उजळला. "ताई, हीच साक्ष," ते म्हणाले. "हीच. अगदी असंच सांगा मंडळीपुढे. आणि मग शेवटी तुम्ही मास्तरांच्या पुढे गुडघे टेकता आणि त्यांच्या हातून भाकर घेता. किती लोकांना आशीर्वाद मिळेल."

"त्यांनी माफी मागितली आहे का?"

"क्षमा अट घालत नाही, ताई."

"मग भाकर का घालते?"

पाळकांनी डोळे मिटून एक छोटी प्रार्थना केली. बाहेर पडताना सेक्रेटरींनी खुर्चीचा रंगही सांगून ठेवला, मरून.

ते गेल्यावर ती फोमच्या ढिगावर बसली. "त्या रविवारी मी घरीच राहते," ती म्हणाली. "नाहीतर टेकते गुडघे, एकदाच काय ते. त्या माणसापुढे. नाहीतर ती जागा माझ्या हातून जाते."

सासूबाईंनी हातोडी ठेवली. त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि त्यांची मान किंचित हलायची, पण जिभेला कंप सुटला नव्हता. "घरी बसलीस तर ते म्हणतील, गेली एकदाची. टेकलेस तर म्हणतील, वाकवली एकदाची. जेवायला ज्याने बोलावलंय त्याचं घर आहे ते. ह्या वाढप्यांचं नाही."

तिने गादी केली, आणि चांगली केली. दुसऱ्यांच्या गुडघ्यांनी तिचं काय बिघडवलं होतं? खुर्चीही केली. मरून रेक्झिन, गोल हात, चार चाकं. त्या खुर्चीचे खिळे ठोकताना तिने बापासाठी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, आणि तिच्या तोंडून एवढंच आलं की देवा, ह्यांचं काय करायचं ते तू कर, मला त्यातून मोकळं कर. ही काही टाळ्या पडण्यासारखी प्रार्थना नव्हती. पण तिने ती मनापासून केली होती, आणि खुर्चीच्या सीटखाली तिने खिळ्याचं टोक वर काढून ठेवलं नाही, हीही एक साक्षच म्हणायची.

रविवारी भाऊ मास्तरांना गाडीतून घेऊन आला, आणि बहिणीकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसला. मास्तरांना हार घातला. भाषणं झाली. ज्याने त्याने मास्तरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मास्तर वर चढून आरामात बसले. म्हातारे झाले होते, गाल खपाटीला गेले होते, पण आवाज तोच, शांत. पाळकांनी साक्षीसाठी तिच्याकडे आशेने बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

मग ओळ कठड्याशी आली. सगळे नव्या गादीवर गुडघे टेकून बसले. सासूबाई एका हाताने कठडा धरून कशाबशा बसल्या. त्यांच्या शेजारी ती उभी राहिली. मागे बाकांवर कुजबुज झाली. सेक्रेटरी हळूहळू खुर्ची ढकलत निघाले, मास्तर ताटलीतून एकेक तुकडा देत पुढे सरकू लागले, आणि पाळक द्राक्षरस घेऊन मागोमाग. सासूबाईंच्या हातावर तुकडा पडला. खुर्ची तिच्यापुढे येऊन थांबली. मास्तरांना मान वर करून बघावं लागलं.

"गुडघे," मास्तर म्हणाले.

तिचे तळपाय चपलांत आक्रसले. तिला भीती वाटली, लहानपणीचीच, जराही जुनी न झालेली. पण ती भिंतीकडे बघत नव्हती. समोर वेदीचं मेज होतं, त्यावर पांढरं कापड होतं, आणि ज्याच्या नावाचं ते मेज होतं तो तिच्या मागे नव्हता, हे तिला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

"नाही, पपा," ती म्हणाली.

"आधी गुडघे. मग भाकर."

"ताई, कृपा करा," पाळक पुटपुटले. "सगळे बघताहेत."

"बघू देत."

"शिस्त लावली," मास्तर म्हणाले, "म्हणून आज इथवर आलीस."

"तुम्ही मला देवाचं नाव घेऊन मारलंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "रोज. मी इथवर आले ती त्याने तुमच्या हातातून मला काढून घेतलं म्हणून."

सेक्रेटरी खुर्चीच्या चाकात काही अडकलंय का ते वाकून बघू लागले. पाळकांना साक्ष हवी होती ती मिळाली होती, फक्त तिचा शेवट त्यांनी ठरवलेला नव्हता. मास्तरांनी ताटली छातीशी ओढून घेतली. "असल्यांना मिळत नसतं," ते म्हणाले, आणि पुढे ढकलायची खूण केली.

तिने समोर बघितलं. ती एकच जागा होती, आणि ती गेली होती. तिला ओरडावंसं वाटलं नाही.

"उठव गं मला," खालून सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या ह्या मेल्या फोममध्ये पाय रुतलेत."

तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं. सासूबाई धापा टाकत उभ्या राहिल्या, तळहातावरचा तुकडा त्यांनी खाल्ला नव्हता. बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यांनी तो दोन्ही हातांनी मोडला. थोडा चुरा नव्या गादीवर सांडला.

"आजी, असं चालत नाही," पाळक म्हणाले.

"का? प्रभूने मोडली ती एकट्याने खायला?" सासूबाई म्हणाल्या, आणि अर्धा तुकडा सुनेच्या हातावर ठेवला. "धर."

तिने तो तोंडात टाकला. एवढासा तो घास तिने सावकाश चावला, आणि सगळ्यांसमोर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, ते तिने पुसलं नाही. सासूबाईंनी उरलेला अर्धा खाल्ला. दोघी उभ्या होत्या. खुर्ची पुढे सरकली नव्हती. मास्तरांनी ताटली अजून छातीशी धरलेली होती, दोन्ही हातांनी, जणू ती कुणी ओढणार होतं, आणि आतले तुकडे काठापर्यंत सरकत होते.

ती थोडी पुढे झाली. "पपा, ताटली खाली ठेवा आता," ती म्हणाली. "हात थरथरतायत तुमचे. मला मिळालं."